कानांचा दाखला

बंगळूर, १२ ऑगस्ट २०२४

प्रिय शरू,

पत्र लिहायला दोन महिने लागले. रोज मेसेज करतो त्यात काही सांगितलं जात नाही. तू 'जेवलीस का' विचारतेस, मी अंगठा दाखवते. लहानपणी फोनवर तुझ्याशी बोलता येत नव्हतं म्हणून आपण पत्रं सुरू केली, ती सवय बरी होती असं आता वाटतं. आणि आज जे लिहायचंय ते मेसेजमध्ये मावणार नाही.

आमची कंपनी विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासते, हे तुला माहीत आहे. मालक परदेशी. कंपनीत सगळ्या प्रकारची माणसं असावीत, नुसती एका साच्यातली नकोत, असं त्यांचं धोरण आहे आणि गेल्या वर्षापासून ते खातं माझ्याकडे आहे. यंदा पुण्याच्या शाखेत पंधरा अपंग उमेदवार घ्यायचे आहेत. चौदा मिळाले. पंधरावी जागा कागद तपासणीची आहे. आलेल्या अर्जात काय लिहिलंय आणि संगणकावर काय चढलंय ते ताडून बघायचं. पंचांगाच्या प्रेसमध्ये तू नऊ वर्षं हेच करते आहेस, आणि तिथे आकडे जास्त अवघड.

अट एकच. सरकारी दाखला लागेल, की तुला ऐकू येत नाही. हे वाक्य आपल्या घरात आजवर कोणी उच्चारलेलं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून लिहून विचारते आहे.

भय्याकाकांना एवढ्यात काही सांगू नकोस. माईंना नमस्कार.

तुझी,
देऊ


उज्जैन, २७ ऑगस्ट २०२४

प्रिय देऊ,

तुझं पत्र माईने आधी उघडलं. वाचून घडी घातली, जशीच्या तशी पाकिटात ठेवली आणि मला देताना म्हणाली, "देवश्रीचं आहे, तब्येत ठीक आहे तिची." मग तासभर भांडी घासत बसली. भांडी चार होती.

आमच्याकडे याला 'शरूचं लक्ष नसतं' असं म्हणतात. पाच वर्षांची असताना मेंदूज्वर झाला, तेव्हापासून माझं लक्ष नसतं. मावशीकडे, लग्नात, मोहल्ल्यात सगळीकडे. मशीन डाव्या कानात असतं, केस त्यावर. पहिल्या स्थळाला भय्यासाहेबांनी वडील म्हणून खरं सांगितलं होतं, ते लोक चहा न घेता उठले. नंतरच्या दोन स्थळांना सांगितलं नाही, पण आपणच पुढे गेलो नाही. त्यानंतर विषय निघालेला नाही. मी छत्तीसची होईन.

प्रेसमध्ये कोणाला मालूम नाही. आमच्याकडे त्रिवेदीजी मूळ प्रत मोठ्याने वाचतात आणि मी छापलेल्या कागदावर ताडून बघते. कागद आणि तोंड एकाच वेळी कसं बघणार? म्हणून मी आधी ओळ डोळ्यांत भरून घेते, मग मान वर करून त्यांच्या ओठांकडे बघते. त्यांना वाटतं पोरगी संस्कारी आहे, मोठी माणसं बोलताना त्यांच्याकडे बघते. सगळ्यांना माझं उदाहरण देतात.

तर हे असं आहे. तू म्हणतेस त्या दरवाजाने यायचं मला जिवावर येतं. आत गेल्यावर मी काहीही केलं तरी लोक आधी पाटी वाचतील. मी काम करू शकते ना? मग सगळ्यांबरोबर परीक्षेला बसवा. नापास झाले तर घरी जाईन.

शरू


बंगळूर, ५ सप्टेंबर २०२४

प्रिय शरू,

तुझं म्हणणं मी दहा वेळा ऐकलंय, आणि ते नेहमी हुशार लोकांकडूनच. सगळ्यांबरोबर बसवा, पारखून घ्या. आमच्याकडे सगळ्यांची पहिली फेरी कशी होते ते सांगते. फोनवर. पुण्याहून एक मुलगी फोन करते आणि बारा मिनिटं इंग्रजीत प्रश्न विचारते. म्हणजे तुझं काम बघायच्या आधीच तू बाहेर. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. दरवाजा उघडाच आहे म्हणतात, फक्त घंटी कानांसाठी लावलेली आहे.

मी मागतेय ती मेहेरबानी नाही. ती फोनची फेरी काढून टाकायची, एवढंच. पुढची परीक्षा सगळ्यांचीच असते.

मुलाखत घ्यायला आम्ही तिघं असू, त्यात मी. तिथे आपण चुलत बहिणी आहोत हे बोलायचं नाही. माझं आडनाव आता आगटे, तुझं पोतनीस, कोणी विचारणार नाही. फॉर्मवर 'कंपनीतील नातेवाईक' असा रकाना आहे, तिथे 'नाही' लिही. यात चोरी काही नाही, तू लायक आहेसच. उगाच लोकांच्या तोंडाला विषय नको. आणि याबद्दल ऑफिसच्या मेलवर कधी लिहू नकोस, पत्रच बरं.

माईंशी मी बोलले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथे तिला कोणी काय म्हणेल?" मी म्हटलं, "तिथे तिला शर्वरी म्हणतील."

देऊ


उज्जैन, ३० ऑक्टोबर २०२४

प्रिय देऊ,

कार्ड आलं. पिवळ्या पट्टीचं आहे, माझा फोटो आणि त्याखाली अपंगत्व एकाहत्तर टक्के. आयुष्यात एवढे मार्क मला गणितातच पडले होते.

आधी इथल्या अस्पतालात तीन चकरा झाल्या. मग त्यांनी इंदूरला पाठवलं. तिथली तपासणी मला आवडली. डोक्याला तारा चिकटवतात आणि झोपायला सांगतात. आपण काही करायचं नाही, काही दाबायचं नाही. आवाज पोहोचला की नाही हे मेंदू स्वतःच मशीनला सांगतो. मी खरंच झोपले. उठले तेव्हा डॉक्टरने कागदावर लिहून दाखवलं, 'आप अब तक बिना बताए कैसे चलाती रहीं?' मी हसले. 

भय्यासाहेब माझ्याबरोबर आले होते, पण कार्डाच्या दिवशी त्यांचा धीर सुटला. खिडकीवरचा बाबू नाव आणि प्रकार दोन्ही पुकारत होता. नेमकी तिथे शोभामावशी, आपल्या नानाखेड्याच्या गलीतली, नवऱ्याचे कागद घेऊन उभी. माझं नाव पुकारल्यावर ती भय्यासाहेबांना म्हणाली, "अरे, शरू? कब से?" भय्यासाहेब बाकावर बसले आणि चपलेचा पट्टा लावत राहिले. पट्टा लागलेलाच होता.

संध्याकाळपर्यंत गलीला मालूम झालं. आता सगळे माझ्याशी बोलताना तोंड फाडून बोलतात, त्यामुळे ओठ वाचता येत नाहीत. भाजीवाला हातवारे करतो. माई बाहेर पडत नाही.

पण एक सांगते, कार्ड हातात आलं तेव्हा मला हलकं वाटलं. मुलाखतीला येते.

शरू


पुणे, १९ जानेवारी २०२५

प्रिय देऊ,

मुलाखतीत तू मला 'मिस पोतनीस' म्हणालीस तेव्हा मला हसू येत होतं. तू मात्र अजिबात हसली नाहीस. मोठी साहेब झालीस.

प्रेसमध्ये मालक मेहताजींनी पेढे वाटले. "जाओ बेटा, तरक्की करो," म्हणाले. त्रिवेदीजी मात्र घुश्शात आहेत. नऊ वर्षं आपल्याकडे कोणी आदराने नाही, ओठांसाठी बघत होतं हे त्यांना लागलं.

इथे काम सोपं आहे. माणसं अवघड. सगळे इंग्रजीत बोलतात आणि पडद्याकडे बघत बोलतात. इंग्रजी बोलताना लोकांचे ओठ कमी हलतात, हे तुला मालूम आहे का? पण मागच्या मंगळवारी मीटिंगमध्ये मी हात वर केला आणि म्हटलं, "मला ऐकू येत नाही, परत सांगाल का?" हे मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. कोणी हसलं नाही. साहेबांनी परत सांगितलं. त्या दिवशी मी खोलीवर पायी गेले, तीन किलोमीटर.

फोटोवाला आला होता. तुमच्या खात्याने पाठवला ना? त्याने मला केस मागे घ्यायला सांगितले, मशीन दिसलं पाहिजे म्हणून. आता तो फोटो जिन्याजवळ भिंतीवर आहे, माझ्याहून मोठा. खाली लिहिलंय, 'इथे प्रत्येकाचं ऐकलं जातं.' मी दुसऱ्या जिन्याने जाते.

आता एक गोष्ट, जी तू मला सांगितली नव्हतीस. मला काम शिकवतो तो सुमीत ढोबळे तीन वर्षं याच खुर्चीवर होता, कंत्राटावर. डिसेंबरात त्याला कायम करणार होते. मग ही जागा 'आमची' झाली. मार्चपर्यंत त्याने मला तयार करायचं आणि जायचं. शिकवतो मन लावून. काल चहा घेताना माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाला, "मॅडम, तुमच्याशी माझं भांडण नाही. पण माझी काय चूक झाली ते मला कोणीतरी सांगावं. चूक असेल तर सुधारतो."

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

आणि त्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं आहे. खाली सहीही केली.

शरू


बंगळूर, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय शरू,

सुमीतबद्दल तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू आली नसतीस.

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते तक्त्यातलं आहे. तुम्ही यायच्या आधी शाखेत एकोणीसशे लोक, त्यात अपंग सहा. हे एका सुमीतने केलेलं नाही, पण बदलायचं म्हटलं की कुठल्या तरी एका सुमीतच्या खुर्चीपासूनच सुरुवात होते. नव्या जागा मागितल्या होत्या मी. मिळाल्या नाहीत. आहेत त्यातल्याच फिरवा म्हणाले. हे त्याला सांगून त्याचं समाधान होईल असं वाटत नाही.

त्याच्याशी फार मैत्री करू नकोस. वाईट मुलगा नाही, पण त्याची नोकरी जाणार आहे.

इकडे वारं फिरलंय. समुद्रापलीकडून रोज नवीन सूचना येतात. मेलमध्ये 'विविधता' शब्द वापरू नका, 'आपलेपणा' म्हणा. मागच्या वर्षी ज्या साहेबांनी व्यासपीठावर माझा सत्कार केला ते आता मला लिफ्टमध्ये 'हवा काय छान आहे' म्हणतात. तुमचा प्रोबेशनचा काळ जूनमध्ये संपतो. तोवर चोख काम कर, उशीर करू नकोस, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नकोस.

देऊ


पुणे, २२ एप्रिल २०२५

प्रिय देऊ,

तुला ऑफिसातून कळलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक.

सुमीतला मार्चऐवजी एप्रिलअखेरपर्यंत ठेवलं. दोन आठवड्यांपूर्वी मी चहाच्या खोलीत पाणी भरत होते. तो मागून आला आणि "मॅडम, तुमचा डबा" म्हणाला. मी न वळता "ठेवा तिथे" म्हटलं. समोर ओव्हनची काच होती, त्यात तो दिसत होता. त्याला वाटलं मी ऐकलं. मग त्याने आठवायला सुरुवात केली. मी कधी कुठे बरोबर उत्तर दिलं, कधी चुकले नाही. त्याची यादी मला दाखवली, अकरा प्रसंगांची. सगळे खरे आहेत. आणि त्याने तक्रार केली की ही बाई ऐकू शकते, दाखला खोटा आहे. खाली स्वतःचं नाव लिहिलं. मला म्हणाला, "लपून केलं नाही. खोटं निघालं तर पाया पडेन."

देऊ, मला त्याचा राग येत नाही. मी इतकं चांगलं लपवते हा त्याचा दोष नाही.

कंपनीने त्यांच्या दवाखान्यात तपासणीला पाठवलं. इंदूरसारखी नाही, जुनी पद्धत. काचेच्या खोलीत बसायचं, कानावर डबे, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तपासणारी मुलगी काचेपलीकडे, माझ्यासमोर. तिच्या कानात लांब डूल होते. ती मशीनची कळ दाबायची तेव्हा डूल हलायचे.

आता तुला जे सांगते ते तुलाही मालूम नसेल. सहा वर्षांची असताना शाळेत घ्यायच्या आधी कान तपासून आणा म्हणाले होते. माईने पंधरा दिवस माझी तयारी करून घेतली. ती डॉक्टर व्हायची, पितळी डब्याला चमचा लावायची, आणि मी डब्याकडे नाही, तिच्या खांद्याकडे बघायचं. खांदा हलला की बोट वर. चुकलं की परत. मी पास झाले. दर दोन वर्षांनी पास होत गेले. पेढे वाटायची माई.

पुण्याच्या त्या खोलीत मला पुरतं मालूम होतं की या वेळी नापास व्हायचंय. खरं तेवढंच सांगायचंय, बाकी बोट हलवायचं नाही. पण डूल हलले की अंगठा दाबला जात होता. कधी मी त्याला थांबवलं, तर मन म्हणायचं हा चुकला, पुढचा चुकवू नकोस. परीक्षा म्हटली की मला पास व्हायचंच असतं. 

रिपोर्टमध्ये लिहिलंय, 'सौम्य दोष. दैनंदिन संभाषण शक्य.'

पंधरा मेला समिती बसणार आहे. माझ्याकडे इंदूरचा रिपोर्ट आहे, तारांचा. तो दाखवते आणि सांगते की मला पुन्हा तसंच तपासा, झोपवून. मग संपलं. तू फक्त हो म्हण.

शरू


बंगळूर, ३ मे २०२५

प्रिय शरू,

हे पत्र तीनदा फाडून लिहिते आहे.

इंदूरचा रिपोर्ट देऊ नकोस. समितीसमोर प्रकरण गेलं की फक्त कान तपासत नाहीत. फाईल उघडतात. मुलाखत कोणी घेतली, फॉर्मवर काय लिहिलं, दोघींची मूळ गावं कुठली. माझं माहेरचं पोतनीस आडनाव माझ्या पासपोर्टवर आहे. आपण बहिणी निघालो की सुमीतची तक्रार आपोआप खरी होते, तुझे कान कसेही असोत. आणि मग ते म्हणतील, हे पूर्ण खातंच असं आहे, घरच्यांना मागच्या दाराने घ्यायचं. बाकीच्या चौदा जणांच्या फायली उघडतील. त्यात तो व्हीलचेअरवरचा मुलगा आहे, ज्याचं लग्न ठरलंय. दोन अंध मुली आहेत, हॉस्टेलवर राहतात. त्यांनी काय केलंय?

तू स्वतःहून राजीनामा दिलास तर समिती बसत नाही. प्रकरण तिथेच बंद होतं. अनुभवाचं पत्र चांगलं मिळेल हे मी बघते.

मी हे तुझ्याकडे मागते आहे. हुकूम करत नाही. तू नाही म्हणालीस तर मी समजून घेईन.

देऊ


पुणे, १२ मे २०२५

प्रिय देऊ,

राजीनामा दिला. कारण 'घरगुती' लिहिलं.

त्यातल्या एका अंध मुलीला, अहल्याला, मी ओळखते. मी कुठे बसले ते तिला दिसत नाही आणि तोंड भलतीकडे करून ती बोलते ते मला नीट कळत नाही, तरी आम्ही रोज बरोबर जेवायचो. तिला काही सांगितलं नाही. ती राहू दे.

सुमीत निरोपाला आला नाही. त्याच्या मते मी चोर आहे आणि पकडले गेले. राजीनाम्याने त्याची खात्री पटली.

उद्याच्या गाडीने निघते.

शरू


बंगळूर, ८ जुलै २०२५

प्रिय शरू,

तुला कोणाकडून तरी कळण्याआधी मी लिहिते.

जूनच्या शेवटी चौदाही जणांचं प्रोबेशन संपवलं. कायम कोणालाच केलं नाही. कारण व्यावसायिक, एका ओळीचं. पत्रांवर सह्या माझ्या आहेत, कारण ते माझं शेवटचं काम होतं. खातं बंद झालं. मला आता कर्मचाऱ्यांच्या सहली आणि वाढदिवस बघायला दिलंय, पगार तोच. अहल्याने माझी सही कोणाकडून तरी वाचून घेतली आणि मला मेल केला, 'मॅडम, आपण खूप प्रयत्न केलेत त्याबद्दल आभार.'

सुमीतलाही परत घेतलं नाही. तुझी खुर्ची, त्याची खुर्ची, ती जागाच रद्द झाली. कागद आता यंत्र ताडतं. ते चुकतं बऱ्याचदा, पण कोणी तक्रार करत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. मे महिन्यात मी तुला समितीची भीती घातली. ती पूर्ण खरी नव्हती. सरकारी कार्ड असताना कंपनीच्या दवाखान्याच्या रिपोर्टला काही किंमत नाही, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. इंदूरचा कागद तू टेबलावर ठेवला असतास तर त्यांना तुझी माफी मागावी लागली असती. नातं लपवल्याचं प्रकरण माझ्यावर आलं असतं. तू ते 'नाही' मी सांगितलं म्हणून लिहिलंस, एवढं मी कबूल केलं असतं तर तुझ्यापर्यंत आलंच नसतं. नोकरी माझी गेली असती.

चौदा जणांचं नाव मी पुढे केलं, कारण तू त्यांच्यासाठी जाशील हे मला माहीत होतं. माझ्यासाठी गेली असतीस की नाही याची खात्री नव्हती.

तू आता जे म्हणशील ते ऐकून घेईन. इथे राजीनामा द्यायचा विचार रोज करते आणि रोज बसमध्ये बसते.

देऊ


उज्जैन, २ ऑगस्ट २०२५

प्रिय देऊ,

तुझ्यासाठीही गेले असते. विचारलं असतंस तर.

आल्यावर आधी मेहताजींकडे गेले. माझ्या जागेवर त्रिवेदीजींचा भाचा आहे. मागच्या अंकात एका एकादशीची वेळ चुकली, लोकांची पत्रं आली, तरी मेहताजी माझ्याकडे न बघता कागदावर लिहून दाखवत होते, 'बेटा, काम तो तुम्हारा ही सबसे साफ था. पर अब मन नहीं मानता. धरम का काम है.' नऊ वर्षं मानत होतं. मी तीच आहे, माझे डोळेही तेच आहेत. एक कार्ड मध्ये आलं. रामघाटाजवळच्या एका लॉजमध्ये हिशेब लिहायला बाई हवी होती, तिथे मालकाने माझ्या तोंडासमोर चुटकी वाजवून बघितली. शिकवणीला मुलं येत नाहीत, आया म्हणतात पोरांचं बोलणं बिघडेल. कंपनीला मी पुरेशी बहिरी नव्हते आणि या गावाला फार झाले.

सुमीतचा मेसेज आला होता. कुठे नौकरी लागली का, म्हणून. त्यालाही नाही. तो म्हणाला, खरं काय ते आता तरी सांगा. मी इंदूरच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी त्याने लिहिलं, 'माफ करा.' मी त्याला लिहिलं की तुम्ही पाया पडणार होतात. त्याने हसणारं तोंड पाठवलं. 

घरची गोष्ट वेगळी आहे. सामान उपसताना पुण्याच्या दवाखान्याचा तो कागद माईच्या हाती लागला. 'सौम्य दोष. दैनंदिन संभाषण शक्य.' ती देवासमोर बसून रडली. भय्यासाहेबांनी त्याच्या आठ झेरॉक्स काढल्या. पहिली शोभामावशीला नेऊन दिली. अस्पतालवाल्यांची गलती होती, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात सिद्ध झालं, असं सांगून आले. पंधरा वर्षांत त्यांना एवढं ताठ चालताना मी पाहिलं नव्हतं. मग माझं पिवळं कार्ड मागून घेतलं आणि परत करायला अस्पतालात गेले. बाबू म्हणाला, "वापस लेने का कोई नियम नहीं है, साहब." तेव्हापासून ते त्यांच्या कपाटात, कुलपात आहे. इंदूरचा रिपोर्टही त्यांच्याचकडे.

मी माईला सांगितलं. डुलांचं, अंगठ्याचं, सगळं. की ऐकू आलं नव्हतं, मी बघत होते, तू शिकवलंस तशी. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बघ. मी घेतलेली मेहनत वाया नाही गेली."

यानंतर मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

देवासचं स्थळ आहे. वीज मंडळात आहेत, पहिली बायको गेली, मूल नाही. पुण्याचा कागद त्यांना पाठवला, त्यांनी होकार कळवला, गुरुवारी बघायला येतात. मी नाही म्हणणार होते. पण भय्यासाहेब या वयात ठेल्यावरून स्वतः फुलं आणतात, माई बाहेर पडायला लागली आहे, आणि मला कुठेच जायचं नाहीये. तू आलीस तर इंदूरचं काही बोलू नकोस. ऑफिसात निभावलंस तसंच.

माईने पुढच्या खोलीतल्या खुर्च्या आत्तापासून मांडल्या आहेत. पाहुण्यांची तोंडं खिडकीकडे, उजेडात. माझी पाठ खिडकीला. पंखा बंद ठेवायचा, कारण पंख्याने मशीनमध्ये घरघर होते. काल संध्याकाळी ती पाहुणीबाई होऊन समोर बसली आणि मला एकामागून एक सात प्रश्न विचारले. शेवटचे दोन मान खाली घालून, हळू आवाजात; ते मी तिच्या खांद्यावरून ओळखले, क्रम पाठच होता. सातही उत्तरं बरोबर आली.

शरू